पाणी चढतें आहे कीं उतरतें?

पंचवटींत राहणाऱ्यास गोदावरीच्या पुराचें मान विचारलें, तर तो क्युसेकचे आंकडे सांगत नाहीं. ‘दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलें,’ एवढेंच म्हणतो, आणि ऐकणारा काय तें समजतो. जाणता मनुष्य मात्र आणखी विचारतो, पाणी चढतें आहे कीं उतरतें? हा प्रश्न चालू असलेल्या प्रोग्रॅमलाही विचारावा लागतो, हें आम्हांस उतारवयांत कळलें.

आमच्या एका आप्तांच्या धर्मशाळेंत यात्रेकरूंची नोंद ठेवण्यासाठीं नातवानें प्रोग्रॅम करून दिला होता. सकाळीं तो चपळ असे; सायंकाळीं एका नांवास इतका वेळ लावी कीं, दारांत रांग लागे. मग व्यवस्थापक तो बंद करून पुन्हा सुरू करीत. एकदां या खटाटोपांत नुकतेंच घेतलेलें नांव नाहींसें झालें, खोली दुसऱ्यास गेली, आणि एका वृद्ध दांपत्यास ओसरीवर रात्र काढावी लागली. त्यांना चादरी आम्हींच नेऊन दिल्या. म्हणून गोष्ट मनांतून जाईना.

कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या कळा एकदम दाबून नातवानें टास्क मॅनेजर उघडला. कोणता प्रोग्रॅम किती मेमरी अडवून बसला आहे, हें तेथें दिसतें. मेमरी म्हणजे संगणकाची हाताखालची पाटी. ती भरली कीं मजकूर दूर डिस्कवर न्यावा-आणावा लागतो, व काम मंदावतें. यंत्र बंद केलें कीं पाटी कोरी. नातू एकदां आंकडा पाहून उठूं लागला. पण आम्ही पडलों मास्तर! दर अर्ध्या तासानें आंकडा वहींत टिपविला. दुपारीं गर्दीबरोबर तो चढला, त्यांत नवल नव्हतें. परंतु रात्रीं दार लागल्यावरही उतरेना.

पायथनसारख्या भाषा निरुपयोगी मजकूर आपण होऊन पुसतात. परंतु नातवानें आल्यागेल्या सर्वांची, छायाचित्रांसह, एक यादी पाटीवरच धरून ठेविली होती. यादींत ज्याचा निर्देश आहे तें निरुपयोगी कसें ठरावें?

नुसतें पुन्हा सुरू करून भागत नाहीं. २००४ च्या जानेवारींत मंगळावरील ‘स्पिरिट’ हें अमेरिकेचें वाहन सांचलेल्या फायलींमुळें अडलें. तें आपण होऊन पुनःपुन्हा सुरू होई आणि पुन्हा अडे; फायली पुसल्या तेव्हांच सावरलें.

यादी आतां रोज रिकामी होते. रात्रीं आंकडा उतरतो, तरी सकाळच्याहून किंचित् वर राहतो. नातू म्हणतो, एवढें चालायचेंच. आम्हीं वही अजून मिटलेली नाहीं.