गोठ्याचा ओला हिशेब

परदेशातल्या फीडलॉटचा, म्हणजे जनावरं दाटीने कोंडून पोसण्याच्या आवारांचा, विषय निघाला की आपल्याकडचं उत्तर ठरलेलं असतं: ते मांसाचे कारखाने, आपला धंदा दुधाचा. गोवंश हत्याबंदी असलेल्या राज्यात हे खरंही आहे. पण वर बांधलेलं जनावर दुधाचं की मांसाचं, हे जमिनीला कळत नाही. तिच्यावर पडतो तो भार. सिन्नर-निफाडकडे थोड्या जागेत पन्नास-साठ संकरित गाई बांधायच्या आणि मुरघास, सरकी पेंड बाहेरून आणायची, ही मांडणी आता नवी राहिलेली नाही. चारा दुसऱ्याच्या रानातला, शेण-मूत्र मात्र सगळं आपल्या आवारात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ चारशे किलोच्या जनावरामागे रोज १५ ते २० किलो शेण आणि तितकेच लिटर मूत्र धरतं. म्हणजे साठ गाईंचं नुसतं मूत्रच हजार लिटरच्या आसपास. धुण्याचं पाणी वेगळं. ‘शेण राहतंय कुठे, द्राक्षवाले ट्रॉलीने उचलतात की,’ असं यावर सांगितलं जातं. उचलतात, दामही देतात. पण बागेला खत हंगामात लागतं, मूत्र रोज पडतं, आणि त्याची ट्रॉली कुणी भरत नाही. (बाटलीत भरलं की त्याचा अर्क होतो, चारीत गेलं की त्याला धनी उरत नाही.) ते ओढ्याला लागतं किंवा मुरतं, आणि त्यातलं नत्र नायट्रेट होऊन विहिरीत उतरतं. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. त्यापुढे पहिला धोका त्या पाण्यात कालवलेलं पावडरचं दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळांना.

हीच ओल गाईलाही भोवते. ओल्या जागी बसणाऱ्या गाईच्या सडातून जंतू शिरतात, कासदाह होतो, मग सडात प्रतिजैविकाची ट्यूब जाते. त्यानंतर ठरलेल्या मुदतीपर्यंत दूध वेगळं काढायचं असतं. दर पडलेला असला की ते कॅनमध्येच ओतण्याचा मोह होतो. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या देशव्यापी पाहणीत ६,४३२ नमुन्यांपैकी ७७ मध्ये प्रतिजैविकांचे अंश मर्यादेबाहेर होते, आणि अशा नमुन्यांत महाराष्ट्र वरच्या राज्यांत होता. सव्वा टक्काच तर आहे, असं म्हणणाऱ्याने संकलन केंद्रात सगळे कॅन एकाच टाकीत रिकामे होतात हे विसरू नये. विहीर आणि गाय दोन्हींसाठी उपाय एकच: मूत्र वाहून नेणारा उताराचा तळ आणि ते साठवणारी टाकी. राहिला प्रश्न पैशाचा: दुधाच्या या दरात मूत्रटाकी कुठून बांधायची? तक्रार रास्त आहे, आणि त्यातला वाटा दूध संघांनी उचललाच पाहिजे. मात्र उताराचा कोरडा तळ ही चैन नव्हे. ट्यूबा आणि फेकलेलं दूध यांचा खर्च तिथेच कमी होतो. तेव्हा नव्या गोठ्याचा प्रकल्प अहवाल करताना मूत्रटाकी आणि तिचं पाणी घेणारं रान, दोन्ही कागदावर आधी मांडा. आणि पशुवैद्यक मित्रांनी दूध किती दिवस बाजूला ठेवायचं, ते औषधाच्या चिठ्ठीवरच लिहून द्यावं.