हा अधिकार निकयाने दिलेला नाही

येशू हा एक थोर नीतिशिक्षक, त्याने स्वतःविषयी कसलाच दावा केला नव्हता. त्याला देवपदाला चढवले ते इ.स. ३२५ मध्ये कॉन्स्टंटाइन बादशहाने भरवलेल्या निकयाच्या परिषदेने, असे मत सुशिक्षितांत सर्रास ऐकू येते. मत सोयीचे आहे. येशूविषयी आदर राहतो आणि त्याच्या दाव्याला उत्तर द्यावे लागत नाही. पण पुराव्यापुढे ते टिकत नाही.

आधी काळ पाहा. प्रेषित पौलाचे फिलिप्पैकरांस पत्र पहिल्या शतकातले, निकयाच्या अडीचशे वर्षांहून आधीचे. येशूपुढे प्रत्येक गुडघा टेकेल, असे पौल त्यात यशया संदेष्ट्याच्या भाषेत सांगतो. यशयाच्या ग्रंथात तो मान खुद्द परमेश्वराचा आहे. पुढे इ.स. ११२च्या सुमारास रोमन अधिकारी प्लिनी सम्राट ट्राजनला कळवतो की, हे लोक पहाटे जमून ख्रिस्ताला देव मानून त्याचे स्तवन करतात. हा साक्षीदार ख्रिस्ती नव्हे, ख्रिस्ती लोकांना शिक्षा ठोठावणारा होता. निकयात वाद होता तो पुत्र पित्याशी एकतत्त्व की पित्याने निर्मिलेला, याचा. तिथे हरलेला एरियसही ख्रिस्ताला सृष्टीच्या आधीचा मानत होता.

यावर कोणी म्हणेल, हे झाले अनुयायांचे. येशू स्वतः काय म्हणाला? बहुतेक अभ्यासक मार्काचे शुभवर्तमान चारांत सर्वांत जुने मानतात. त्यातले कफर्णहूमचे घर पाहा. दारात पाय ठेवायला जागा नाही, म्हणून चौघे जण छप्पर उसकटून पक्षाघाती माणसाला बाजेसकट खाली सोडतात. सगळ्यांना हवे आहे आरोग्य. येशू आधी पापांची क्षमा जाहीर करतो. देवावाचून हे कोण करू शकतो, असे शास्त्री मनात म्हणतात. त्यांचा प्रश्न बिनतोड होता. येशू तो खोडत नाही. मनुष्याच्या पुत्राला, म्हणजे स्वतःला, पृथ्वीवर हा अधिकार आहे हे त्यांना कळावे, म्हणून तो त्या माणसाला बाज उचलून घरी जायला सांगतो. पुढे अटकेनंतरच्या चौकशीत मुख्य याजक थेट विचारतो, तू मशीहा (देवाचा अभिषिक्त) आहेस काय? येशू होकार देतो आणि देवाच्या उजवीकडे बसलेल्या, मेघांसह येणाऱ्या मनुष्याच्या पुत्राविषयी बोलतो. याजक वस्त्रे फाडतो. नुसत्या नीतिपाठावर कोणी ईश्वरनिंदेचा आरोप ठेवत नाही.

मग कैसरिया फिलिप्पीच्या वाटेवर शिष्य पेत्राने त्याला मशीहा म्हटल्यावर ‘कोणाला सांगू नका’ अशी ताकीद का? कारण अनेकांच्या डोळ्यांपुढे होता तो रोमचे जोखड झुगारणारा दावीदवंशीय राजा. येशू त्याच क्षणी आपल्या दुःखाविषयी आणि मरणाविषयी बोलू लागतो. त्या ताकिदीने दावा नाकारला जात नाही, त्याचा विपर्यास टळतो. याकोब आणि योहान हे शिष्य गौरवात उजवी-डावी आसने मागतात, तेव्हा आपण सेवा करायला आणि अनेकांसाठी प्राण द्यायला आलो आहोत, हे तो त्यांना बजावतो. पापक्षमेचा अधिकार ज्याच्या हाती, तोच सेवकाची जागा घेतो. शास्त्रातला मशीहा हाच आहे, आणि म्हणूनच त्याचा अधिकार आम्ही आनंदाने मानतो.

हा दावा मान्य करावा की नाकारावा, हे ज्याने त्याने विवेकाने ठरवावे. मात्र तो मागाहून चिकटवला, असे म्हणू नये. मार्काचे शुभवर्तमान अवघ्या १६ अध्यायांचे आहे. निकयाच्या नावाने निवाडा देण्याआधी ते एकदा मुळातून वाचा.