चोरी लॅपटॉपपुरती नव्हतीच

लोणावळा-खंडाळ्याच्या बाजारपेठेत चिक्कीत काय काय घालतात हे कुणी कुणापासून लपवत नाही. गूळ आणि शेंगदाणे, झाले. तरीही दोन दुकानांची चिक्की सारखी लागत नाही, कारण गुपित जिनसांत नसते, पाकात असते. पाण्यात टाकलेला थेंब टक्कन मोडला की त्याच घटकेला शेंगदाणे ओतायचे. थोडे आधी ओतले तर चिक्की दाताला चिकटते, थोडा उशीर झाला तर करपट लागते. धंद्यातली बरीच गुपिते अशीच वस्तूपेक्षा वेळेची असतात. मधुर भांडारकर यांच्या ‘कॉर्पोरेट’ या चित्रपटावर प्रेक्षकांमध्ये जे दोन तट पडले, ते ही साधी गोष्ट नजरेआड झाल्यामुळे, असे माझे मत आहे.

7 जुलै 2006 रोजी प्रदर्शित झालेल्या या चित्रपटात सेहगल आणि मारवा या दोन उद्योगसमूहांची झुंज आहे. सेहगल समूहातली वरिष्ठ अधिकारी निशिगंधा दासगुप्ता (बिपाशा बासू) मारवांच्या बड्या अधिकाऱ्याच्या लॅपटॉपमधून त्यांच्या नव्या शीतपेयाची योजना पळवते आणि सेहगल तसलेच पेय आधी बाजारात उतरवायला निघतात. मग कारखान्याच्या पाण्यात कीटकनाशकाचे अंश असल्याचे कळते. तरी पैसे चारून मंजुरी मिळवली जाते, पुढे बिंग फुटते आणि सगळे खापर निशिगंधाच्या माथी फोडले जाते. एका गटाच्या मते ही शुद्ध फसवणूक होती. हेरगिरीचा थरार बघायला जावे तर ती हेरगिरी लवकर आटोपते, तीही पोरकट वाटावी अशी, आणि पुढे उरतात ती कटकारस्थाने आणि अश्रू. दुसऱ्या गटाने चित्रपट डोक्यावर घेतला, कारण म्हणे कंपन्यांचे आतले जग हिंदी पडद्यावर पहिल्यांदाच आले. हे ‘पहिल्यांदाच’ तर सरळ चूक आहे. श्याम बेनेगल यांनी 1981 मध्ये ‘कलयुग’मध्ये उद्योगपती घराण्यांचे वैर थेट महाभारतावर बेतले होते. तिथे कौरव कोण आणि पांडव कोण हे घरूनच माहीत असायचे. ‘कॉर्पोरेट’ने तो आधार काढून घेतला आणि प्रेक्षक चाचपडत राहिला.

पहिल्या गटाला जो दोष वाटतो, तेच या चित्रपटाचे सर्वांत अचूक निरीक्षण आहे. धंद्यातली हेरगिरी बहुतेक वेळा अशीच, फारशी धडपड न करता उरकते. फेब्रुवारी 2015 मध्ये दिल्लीच्या शास्त्री भवनातल्या पेट्रोलियम मंत्रालयातून कागदपत्रे फुटल्याचे प्रकरण उघडकीस आले. पोलिसांनी सांगितलेली हकिगत अशी: बनावट ओळखपत्रे, नकली किल्ल्या, रात्रीच्या वेळी साहेबांच्या खोलीत शिरकाव, कागदांच्या झेरॉक्स प्रती आणि मूळ कागद जागच्या जागी. अटक झालेल्यांत मंत्रालयातले शिपाईवर्गातले कर्मचारी होते, तसेच ऊर्जाक्षेत्रातल्या कंपन्यांचे अधिकारीही होते. या कागदांत कुठले रासायनिक सूत्र नव्हते. सरकार उद्या काय ठरवणार, एवढेच आज कळायला हवे होते. म्हणजे पुन्हा पाकाची घटका! गंमत अशी की भांडारकरांनी आपल्या चित्रपटात शिपायांना तमाशातल्या सोंगाड्यांसारखे वापरले आहे. ते साहेबलोकांवर शेरे मारतात आणि प्रेक्षक हसतो. नऊ वर्षांनी वास्तवाने शिपायाच्या हातात किल्लीच दिली.

चित्रपटातला आणखी एक तपशील हेरगिरीवर नाराज असलेल्यांच्या नजरेतून निसटतो. निशिगंधा तुरुंगात जाते ती लॅपटॉपमधली माहिती पळवली म्हणून नाही. त्या चोरीबद्दल तिला शाबासकीच मिळते. ती अडकते पेयाच्या प्रकरणात, तेही कुणीतरी अडकायला हवे म्हणून. यात पटकथेची ढिलाई शोधणाऱ्यांनी त्या वेळचा कायदा पाहावा. व्यापारी गुपितांसाठी आपल्याकडे वेगळा कायदाच नव्हता. 1872 चा करार कायदा, 2000 चा माहिती तंत्रज्ञान कायदा अशा ठिगळांवर काम चाले. असा स्वतंत्र कायदा करावा ही शिफारस विधी आयोगाने आपल्या 289व्या अहवालात केली ती मार्च 2024 मध्ये.

यावर नेहमीचा आक्षेप असतो तो अतिशयोक्तीचा: भांडारकर सगळे भडक रंगवतात, एवढे विषारी पाणी, एवढे विकाऊ अधिकारी कुठे असतात? भडकपणा मान्य, त्यांच्या पात्रांना हळू बोलता येत नाही. पण पाण्याचा भाग त्यांच्या कल्पनेतला नाही. ऑगस्ट 2003 मध्ये दिल्लीच्या ‘सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट’ने शीतपेयांच्या 12 ब्रँडमध्ये कीटकनाशकांचे अंश सापडल्याचे जाहीर केले. संसदेने शरद पवार यांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त समिती नेमली आणि फेब्रुवारी 2004 मध्ये समितीने अंश असल्याच्या त्या निष्कर्षाला दुजोरा देऊन शीतपेयांसाठी कडक मानके ठरवायला सांगितले. चित्रपट लागून चार आठवडे होत नाहीत तोच, 2 ऑगस्ट 2006 रोजी, याच संस्थेने 12 राज्यांतल्या 25 कारखान्यांच्या 57 नमुन्यांचा नवा अहवाल मांडला: 11 ब्रँड आणि अंश प्रस्तावित मानकाच्या सरासरी 24 पट. कंपन्यांनी हे आकडे नाकारले. पण ज्या प्रेक्षकाने जुलैमध्ये चित्रपटाला अतिरंजित म्हणून हसण्यावारी नेले, त्याला ऑगस्टमधले वर्तमानपत्र वाचताना थोडे अवघडल्यासारखे व्हायला हरकत नव्हती.

दुसरा आक्षेप मला खोडता येत नाही. बाईच्या हातून चोरी करवायची तर मोहाचे जाळे हवेच, आणि बाईने शिक्षा भोगायची तर ती प्रेमापोटीच, हे दोन्ही साचे हिंदी सिनेमाच्या जुन्या पेटीतले आहेत. निशिगंधा कंपनीत एवढी वर चढली ती बुद्धीच्या जोरावर, असे चित्रपट आधी सांगतो आणि ऐन वेळी तिची बुद्धी काढून घेतो. तिने खापर स्वतःवर घेताना थोडा तरी सौदा केला असता, तर गोष्ट अधिक खरी झाली असती आणि अधिक भयंकरही.

तिसरा आक्षेप उद्योगविरोधाचा. कारखान्यांनी भाकर दिली, त्यांना खलनायक का करता? तळेगावच्या औद्योगिक वसाहतीने कामधंदा दिलेल्या मावळात हा प्रश्न रास्तच आहे. मात्र ‘कॉर्पोरेट’ कारखान्याच्या विरोधात नाही. त्याचा रोख आहे तो शेवटी वरच्या मजल्यावर होणाऱ्या तडजोडीवर, जिथे दोन वैरी हातमिळवणी करतात आणि पेय पिणाऱ्याला कुणी विचारत नाही. पाण्याच्या बाबतीत न विचारले जाणे हे या भागाला नवे नाही. वळवणचे आणि लोणावळ्याचे पाणी घाटाखाली नळांतून सोडून टाटांनी 1915 मध्ये खोपोलीला वीज केली, ती मुंबईच्या गिरण्यांसाठी. पवना धरणाचे पाणी बंद नळातून पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या योजनेविरुद्ध शेतकरी 9 ऑगस्ट 2011 रोजी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर उतरले, तेव्हा पोलिसांच्या गोळीबारात तिघांचा जीव गेला आणि नळाचे काम थांबले.

खंडाळ्याच्या रिसॉर्टमध्ये आजही कंपन्यांच्या बैठका भरतात, पडद्यावर आलेख सरकतात आणि बाहेर धुक्यात चहा-भजी चालू असतात. तिथे आलेला पाहुणा हा चित्रपट बघेल तेव्हा लॅपटॉपच्या प्रसंगाला सावरून बसेल. त्याला चहा आणून देणारा मावळातला पोरगा बहुधा थोडा पुढे सावरून बसेल: पाण्याचा अहवाल टेबलावर आलेला असतो आणि तरीही पेय बाजारात आणायचेच ठरते, तिथे.