विस्मरण : रुग्णालयात आणि घरात

उतारवयात माणूस विसराळू व्हावयाचाच, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या मानीत आलो आहोत. चष्मा कपाळावर ठेवून घरभर तो शोधणारे आजोबा हा तर घरोघरी थट्टेचा विषय असतो. परंतु चष्मा कोठे ठेवला हे विसरणे निराळे आणि चष्मा कशासाठी असतो हेच न उमजणे निराळे. पहिला वयाचा धर्म होय. दुसरे मेंदूच्या आजाराचे लक्षण होय. या आजाराला वैद्यकात स्मृतिभ्रंश अथवा डिमेन्शिया म्हणतात आणि अल्झायमर हा त्याचा सर्वांत अधिक आढळणारा प्रकार आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीच्या अंदाजानुसार भारतातील साठ वर्षांवरील लोकांत याचे प्रमाण शेकडा ७.४, म्हणजे सुमारे ८८ लाख इतके आहे. तेव्हा वाचकांपैकी अनेकांच्या घरी, निदान शेजारी, असा एखादा रोगी असण्याचा संभव आहे.

असा रोगी घेऊन आपण सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जातो, तेव्हा आपली गाठ बहुधा प्रथम निवासी डॉक्टराशी पडते. एम.बी.बी.एस. ही पदवी घेतल्यावर तीन वर्षे रुग्णालयात राबत, रात्रपाळ्या करीत तो आपल्या विषयाचे पदव्युत्तर शिक्षण घेत असतो. बाह्यरुग्ण विभागात त्याच्यापुढे लांबच लांब रांग असते आणि एका रोग्याच्या वाट्याला चार-दोन मिनिटे येतात. आजी नीटनेटके लुगडे नेसून समोर बसतात. “जेवलात का?” असे विचारताच हसून “हो, जेवले” म्हणतात. त्या खरोखरच जेवल्या की नाही, हे डॉक्टराने कसे ओळखावे?

हा आजार रुग्णालयात लपतो आणि घरात प्रकट होतो. दिवेलागणीच्या वेळी आजी स्वतःच्याच घरात बसून “मला घरी पोहोचवा” असा हट्ट धरतात. दूध चुलीवर ठेवून विसरतात. आल्यागेल्याला “सून मला जेवू घालीत नाही” असे सांगतात आणि रात्रंदिवस त्यांची सेवा करणाऱ्या सुनेवर नातलगांत बोल येतो. ज्या डॉक्टराने हे घर कधी पाहिलेच नाही, त्याला हा आजार पुस्तकातून कळला तरी अर्धाच कळतो.

घर पाहिल्याने वैद्यकाचे साधनसुद्धा कसे बदलते, याचे एक उदाहरण हरियाणातील बल्लभगड येथे घडले. स्मृती तपासण्याची जी प्रश्नावली जगभर वापरली जाते, ती १९७५ साली अमेरिकेत तयार झाली. तीत रोग्याला एक लेखी सूचना वाचून डोळे मिटावयाचे असतात आणि कागदावर एक वाक्य लिहावयाचे असते. शाळेचे तोंडही न पाहिलेल्या म्हातारीला हे प्रश्न घातले, तर परीक्षा तिच्या स्मृतीची न होता अक्षरओळखीची होते. म्हणून भारतीय व अमेरिकी संशोधकांनी बल्लभगड भागातील ग्रामस्थांसाठी हिंदीत नवी प्रश्नावली रचली. ती १९९५ साली प्रसिद्ध झाली. लेखी सूचनेऐवजी “मी करतो तसे करा” असे सांगून तपासनीस स्वतः डोळे मिटतो आणि वाक्य लिहिण्याऐवजी रोग्याने आपल्या घराविषयी काहीतरी बोलावयाचे असते. एवढ्या फरकाने निरक्षर आजीलाही न्याय मिळू लागला.

दुसरे उदाहरण गोव्याचे आहे. तेथील दोन तालुक्यांत अशा ८१ कुटुंबांवर एक प्रयोग करण्यात आला आणि त्याचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. निम्म्या कुटुंबांकडे सहा महिने एक गृहसल्लागार निदान पंधरवड्यातून एकदा जात असे. हे सल्लागार डॉक्टर नव्हते. उच्च माध्यमिक शिक्षण झालेल्या स्थानिक लोकांनाच थोडे प्रशिक्षण देऊन तयार केले होते. ते आजाराची माहिती देत, रोगी चिडल्यास कसे वागावे हे समजावीत आणि घरच्यांची हकीकत शांतपणे ऐकून घेत. गरज भासल्यास मानसोपचारतज्ज्ञाचे साहाय्य मिळे. आजार बरा झाला नाही. तो बरा करणारे औषध अजूनही नाही. परंतु शुश्रूषा करणाऱ्या माणसांच्या मनावरचा ताण स्पष्टपणे हलका झाला. या आजारात घरात एक रोगी असतो आणि दुसरा हळूहळू तयार होत असतो, हे जाणणाऱ्याला या निष्कर्षाचे मोल सांगावयास नको.

परदेशांतही शिकणाऱ्या डॉक्टरांना रोग्याच्या घराजवळ नेण्याचे प्रयत्न झाले आहेत. शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाने १९९७ साली वैद्यकाच्या पहिल्या वर्षातील विद्यार्थी आणि आजाराच्या आरंभीच्या अवस्थेतील रोगी यांची जोडी लावून देण्याचा उपक्रम सुरू केला. विद्यार्थ्याने तेथे उपचार करावयाचे नसतात. वर्षभर स्नेही म्हणून सोबत करावयाची असते.

आपल्या देशात आता यासाठी वाट मोकळी झाली आहे. २०२० च्या नियमांनुसार पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या डॉक्टराला तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करणे आवश्यक झाले. २०२२ पासून एम.बी.बी.एस.च्या अभ्यासक्रमात कुटुंब दत्तक घेण्याचा कार्यक्रम आला आहे. आशा कार्यकर्ती घरोघरी जो तक्ता भरते, त्यात साठीपुढील व्यक्तींसाठी असा प्रश्न आहे की, जवळच्या माणसांची नावे अथवा स्वतःच्या घराचा पत्ता विसरतो काय? हे तीन धागे एकत्र गुंफणे मात्र बाकी आहे. तीन महिन्यांत त्या डॉक्टराने आशाताईंबरोबर अशा एका तरी घरी तासभर बसावे, ही अपेक्षा अवास्तव खचितच नाही.

आणि वाचकहो, यात आपलाही वाटा आहे.

आशाताई तो प्रश्न विचारील तेव्हा “छे, आमच्याकडे तसे काही नाही” म्हणून लाजेपोटी झाकू नका. स्मृतिभ्रंश म्हणजे वेड नव्हे आणि घराण्याला लागलेला डागही नव्हे.

रुग्णालयात जाण्यापूर्वी एका वहीत लिहून ठेवा : फरक केव्हापासून पडला, तो एकाएकी पडला की हळूहळू, कोणती कामे पूर्वी जमत व आता जमत नाहीत, डोक्याला मार लागला होता काय. चालू असलेली सर्व औषधे पिशवीत घालून बरोबर न्या. थायरॉईडची उणीव, ब१२ जीवनसत्त्वाचा अभाव, मनाची खिन्नता, काही औषधांचा परिणाम किंवा पडल्यानंतर डोक्यात झालेला रक्तस्राव यांमुळेही स्मृती मंदावते आणि यांवर इलाज होऊ शकतो. तुमच्या वहीतील चार ओळी त्या तरुण डॉक्टराला योग्य तपासणीकडे नेतील.

हैदराबाद, बंगळूर किंवा बडोदे येथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांना आणखी एक सूचना. या आजारात मागाहून शिकलेली भाषा पुष्कळदा आधी विरते आणि मायबोली मागे उरते. डॉक्टराला मराठी येत नसल्यास तुम्ही दुभाषा व्हा; पण आजीच्या वतीने उत्तर देऊ नका. ती चुकली तर चुकलेलेच उत्तर जसेच्या तसे सांगा. डॉक्टराला तेच हवे असते.

शेवटी, शुश्रूषा करणाऱ्याने आपली झोप, आपला थकवा, आपले चिडणे यांविषयीही डॉक्टरापाशी बोलावे. त्याने विचारले नाही तर आपण होऊन सांगावे. १९९२ साली कोचीन येथे स्थापन झालेल्या अल्झायमरविषयक भारतीय संस्थेच्या शाखा अनेक शहरांत आहेत. तेथे अशा कुटुंबांना समदुःखी भेटतात. ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ हा राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांकही आहे. तो विनाशुल्क आहे.

रोगाची लक्षणे डॉक्टर महाविद्यालयात शिकतो. त्या रोगासह एक घर कसे दिवस काढते, हे त्याला त्या घरावाचून दुसरे कोणी शिकवू शकत नाही. उद्या असा एखादा तरुण डॉक्टर आपल्या दाराशी आला, तर त्याला आत बोलवा, आजीजवळ बसवा आणि सुनेलाही दोन शब्द बोलू द्या.