इन्स्टॉल झालं म्हणजे झालं?

परवा रात्री साडेअकराला भाच्याचा फोन. "मामा, एनएस-२ मेकच होत नाहीये रे. एक जण सगळं घातलेलं व्हर्च्युअल मशीन देतोय, कोड आणि ग्राफसकट. तीन हजार म्हणतोय. घेऊ का?"

इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष, सबमिशन आठवड्यावर. मी नको म्हटलं आणि त्याची शिक्षा म्हणून दोन रात्री त्याच्याबरोबर जागलो. आज शनिवार, चहा झालाय, तेव्हा चिडचिड इथे उतरवतो.

आधी सोपा भाग. एनएस-२ ची शेवटची आवृत्ती २.३५, आली नोव्हेंबर २०११ मध्ये. मार्च २०१२ मध्ये जीसीसी ४.७ आला आणि त्याने टेम्प्लेटमधली नावं शोधायचे नियम कडक केले. 'एलएस.एच' फायलीच्या १३७व्या ओळीत बेस क्लासमधलं 'इरेज' नुसतंच वापरलंय. जुना कंपायलर समजून घ्यायचा. नवा विचारतो, कोण इरेज, कुठला? त्याच्या आधी 'धिस' आणि बाण लावला की हा दगड बाजूला. पुढे आणखी ठेचा लागतात, जुना कंपायलर आणावा लागतो, बॅशआरसीमध्ये पाथ भरावे लागतात. वैताग आहे, पण हा वैताग प्रामाणिक आहे. चुकलं की ओरडतो, फाईलचं नाव आणि ओळीचा नंबर देतो. अजून काय हवं?

माझं भांडण पुढच्या भागाशी आहे. इन्स्टॉल झालं, नॅममध्ये गोल गोल नोड फिरायला लागले, पोरं पेढे वाटायच्या मूडमध्ये. आणि इथून पुढे ते सॉफ्टवेअर एक अक्षर बोलत नाही.

भाच्याचा विषय गाड्यांचं नेटवर्क. एओडीव्ही प्रोटोकॉलमध्ये याची सुधारणा, पॅकेट पोचण्याचं प्रमाण १२ टक्क्यांनी जास्त. मी विचारलं, सीड किती? म्हणे सीड काय असतं. एनएस-२ मध्ये रँडम नंबरचा सीड तुम्ही बदलला नाहीत तर १२३४५ च राहतो. शंभर वेळा चालवा, तेच उत्तर. म्हणजे फासा एकदाच टाकला आणि त्यावर थिसिस.

रेडिओचं तर विचारूच नका. डीफॉल्ट आकडे जुन्या वेव्हलॅन कार्डाचे, ९१४ मेगाहर्ट्झ. टू-रे-ग्राउंड मॉडेलमध्ये त्याची रेंज बरोब्बर २५० मीटर. २४९ वर ऐकू येतं, २५१ वर नाही. जमीन सपाट, मध्ये इमारत नाही, झाड नाही, पीएमटीची बस नाही (पीएमपीएमएल म्हणा हवं तर, आमच्या तोंडात पीएमटीच). आणि रिपोर्टचं शीर्षक काय, तर शहरी वाहतुकीसाठी!

गाड्या पळतात कशा? रँडम वेपॉइंट. कुठलाही बिंदू निवडायचा, कुठलाही वेग निवडायचा, जायचं. आता किमान वेग शून्याजवळ ठेवलात तर ज्या नोडला अगदी कमी वेग मिळाला तो रांगत बसतो, आणि पोचेपर्यंत दुसरा वेग त्याला मिळतच नाही. असे रांगणारे वाढत जातात, सरासरी वेग घसरत जातो. यून, ल्यू आणि नोबल यांनी २००३ मध्येच हे दाखवून दिलं होतं. म्हणजे सिम्युलेशन जितकं लांब, तितका तुमचा प्रोटोकॉल हुशार दिसतो, कारण गाड्याच थांबत आल्यात :-)

पोरांनाच का बोला? कुर्कोव्स्की, कॅम्प आणि कोलाग्रोसो यांनी २००५ मध्ये मोबीहॉक परिषदेचे १५१ पेपर तपासले. ११४ मध्ये सिम्युलेशन होतं आणि त्यातल्या जवळजवळ ३० टक्क्यांनी सिम्युलेटर कोणता तेसुद्धा लिहिलं नव्हतं. ही मोठी माणसं बरं का.

कोणी म्हणेल, एनएस-३ घ्या की. घ्याच! २००८ पासून आहे, चांगलं आहे, २०२२ मध्ये वॅफ जाऊन सीमेकवर आलं. पण तिथेही रन नंबर तुम्ही बदलला नाहीत तर तो १ च राहतो. आळस पोर्ट करावा लागत नाही, तो आपोआप कंपाइल होतो.

म्हणून तीन हजारांच्या त्या मशीनचा मला राग. ते विकणारा इन्स्टॉलेशनचा त्रास वाचवत नाही, तो प्रश्न विचारायची जागाच विकत घेतो. "डेडलाइन असते", "सर मदत करत नाहीत", सगळं मान्य. मीही तेच केलंय. माझ्या प्रोजेक्टचा ग्राफ एकाच रनचा होता, मला आवडलेल्या रनचा. व्हायव्हामध्ये प्रश्न आला, "कलर प्रिंट का नाही काढलीत?" त्या ग्राफवर मला नोकरी लागली. आता इंटरव्ह्यू घेताना मी मुलांना सीड विचारतो आणि समोरची शांतता ऐकताना मला माझाच बायोडेटा आठवतो.

असो. काल रात्री किमान वेग वाढवला आणि ३० वेगवेगळे सीड लावून लॅपटॉप चालू ठेवला. सकाळी फोन. "मामा, १२ टक्के गेले रे. दोन्ही प्रोटोकॉल एकमेकांच्या एरर बारमध्ये आहेत. आता काय लिहू?"

म्हटलं, हेच लिही.

"मार्क जातील."

जातील बहुतेक. बुधवारी व्हायव्हा आहे.