कामावरच्या मुलाचे हृदय

विद्यार्थी मित्रहो, उजव्या हाताची मूठ घट्ट आवळा आणि तिच्याकडे नीट पाहा. तुमचे हृदय साधारण एवढ्याच आकाराचे आहे. ते मिनिटाला ७०-८० वेळा आकुंचन पावते, म्हणजे दिवसाकाठी एक लाखाहून अधिक वेळा. मोठ्या माणसाचे हृदय विश्रांतीच्या वेळीदेखील मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त पुढे ढकलते. चोवीस तासांचा हिशेब केला तर ते रक्त सात हजार लिटरांच्या वर जाते. दोनशे लिटरची पस्तीस पिंपे भरतील एवढे! आणि या पंपाला रविवारची सुट्टी नाही.

हृदयाची काळजी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे घरातले आजोबा येतात. तेल कमी, मीठ कमी, सकाळचा फेरफटका. ते योग्यच आहे. पण एक हृदयविकार असा आहे की, तो आजोबांच्या वयात सुरू होत नाही. तो तुमच्या वयात, बहुधा ५ ते १५ वर्षांच्या दरम्यान सुरू होतो आणि श्रीमंतांपेक्षा गरिबांच्या घरी फार अधिक आढळतो. त्याची सुरुवात छातीत होत नाही, घशात होते.

स्ट्रेप्टोकॉकस नावाचे जंतू तुम्ही जीवशास्त्राच्या पुस्तकात मण्यांच्या माळेसारखे काढलेले पाहिले असतील. त्यांतील ‘अ’ गटाच्या जंतूंमुळे घसा सुजतो, गिळताना दुखते, ताप येतो, गळ्याच्या गाठी सुजतात. चार-सहा दिवसांत हे दुखणे आपोआप ओसरते आणि सगळे विसरून जातात. बहुतेक मुलांच्या बाबतीत गोष्ट येथेच संपते. काही थोड्या मुलांच्या बाबतीत मात्र ती संपत नाही. जंतूंशी लढण्यासाठी शरीराने जी प्रतिपिंडे तयार केली, ती हृदयातील पेशींवरच चालून जातात. कारण जंतूंच्या अंगावरील काही प्रथिने आणि हृदयातील प्रथिने यांच्यात बरेच साम्य असते. चोराच्या अंगावर निळा सदरा होता म्हणून गावकऱ्यांनी निळा सदरा घातलेल्या घरच्याच माणसाला झोडपावे, तसा हा प्रकार आहे.

घसा दुखून गेल्यावर दोन ते चार आठवड्यांनी मुलाला पुन्हा ताप येतो. आज गुडघा सुजतो, तर दोन दिवसांनी तो बरा होऊन घोटा किंवा कोपर धरते. यालाच संधिवात ज्वर म्हणतात. सांधे पुढे पूर्ण बरे होतात, पण हृदयाच्या झडपा पुष्कळदा बऱ्या होत नाहीत. डावे अलिंद आणि डावे निलय यांच्यामधील द्विदल झडपेला सर्वांत अधिक इजा होते. असे ज्वर पुन्हा पुन्हा आले की झडप जाड होते, तिच्या कडा एकमेकींना चिकटतात आणि वाट अरुंद होते, किंवा झडप नीट मिटत नाही आणि रक्त मागे गळू लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात सुमारे साडेपाच कोटी लोक या विकाराने पीडित आहेत आणि दरवर्षी सुमारे ३ लाख ६० हजार माणसे त्याने मरतात.

आता तुम्ही विचाराल, याचा बालमजुरीशी काय संबंध? मजुरी केल्याने हा रोग होतो असे मी म्हणत नाही. रोग जंतूंमुळे होतो आणि एका खोलीत सात-आठ माणसे झोपत असली की ते सहज पसरतात. परंतु ज्या घरांत हा रोग शिरतो, त्याच घरांतील मुले कामाला जुंपली जातात आणि कामामुळे त्या रोगावरचा प्रत्येक उपाय त्यांच्या हातून निसटतो. माझ्या मते बालमजुरीचा विचार करताना हा मुद्दा आपण फार कमी लक्षात घेतो.

ऊसतोडीचे उदाहरण घ्या. दरवर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास बीड आणि शेजारच्या जिल्ह्यांतून लाखो माणसे ऊसतोडीसाठी बाहेर पडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. मुले बरोबर येतात, कोपीत राहतात, धाकट्या भावंडांना सांभाळतात, वाढे गोळा करतात, मोळ्या बांधायला हात लावतात. अशा मुलीचा घसा दुखू लागला तर काय होते? पहाटे फडावर जायचे असते. एक दिवस खाडा केला तर उचल फिटायची कशी, ही आईबापांना चिंता असते. दवाखाना दूर असतो. घसा आपोआप बरा होतो. आणि पुढे गुडघा दुखला तर तो ओझ्याने दुखला असेल, असेच सगळे समजतात.

दुसरे असे की, शाळेत गेलेल्या मुलाला डॉक्टर निदान एकदा तरी भेटतात. २०१३ साली राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला; त्याचा प्रारंभ आपल्या पालघरलाच झाला होता. या कार्यक्रमात सरकारी व अनुदानित शाळांतील मुलांची वर्षातून एकदा तपासणी होते, आणि ज्या विकारांसाठी मुले तपासतात त्यांच्या यादीत संधिवात ज्वराने होणारा हृदयविकारही आहे. छातीला स्टेथोस्कोप लावला की गळक्या झडपेचा खरखरणारा आवाज डॉक्टरांच्या कानी पडतो. पण ज्या दिवशी डॉक्टर वर्गात येतात, त्या दिवशी हॉटेलात कपबशा विसळणारा किंवा वीटभट्टीवर विटा वाहणारा मुलगा वर्गात नसतो. ज्याला तपासणीची सर्वांत जास्त गरज, नेमका तोच हजेरीपटावर ‘गैरहजर’!

काही जण म्हणतात, “काम केल्याने पोरे काटक होतात. आम्हीही लहानपणी कष्ट केले.” या म्हणण्याचा शास्त्रीय दृष्टीने विचार करू. व्यायामाने निरोगी हृदय बळकट होते हे खरे आहे. पण खो-खो खेळणारा मुलगा दमला की थांबतो, पाणी पितो, घरी जाऊन जेवतो. मजुरी करणाऱ्या मुलाला दमल्यावर थांबता येत नाही. त्याच्या पोटात पुरेसे अन्न नसते. रक्तात हीमोग्लोबिन कमी असेल, तर तेवढाच प्राणवायू पोचवण्यासाठी हृदयाला अधिक रक्त ढकलावे लागते. आणि त्याची झडप अरुंद झालेली असली तर? मिनिटाला ७५ ठोके पडत असताना एका ठोक्याचा काळ ०.८ सेकंद असतो. त्यातील सुमारे अर्धा सेकंद निलय रक्ताने भरण्यासाठी मिळतो. ओझे उचलून ठोके १४० वर गेले की हा भरण्याचा काळ अर्ध्याहूनही कमी होतो. अरुंद झडपेतून एवढ्या वेळात पुरेसे रक्त उतरत नाही. ते मागे तुंबते, फुप्फुसांतील दाब वाढतो आणि मुलाला धाप लागते. मुकादम म्हणतो, “कामचुकार आहे.” वास्तविक ते मूल आजारी असते.

या रोगावर उपाय नाही असे समजू नका. उपाय आहे, स्वस्त आहे आणि जुना आहे. फ्लेमिंगने १९२८ साली पेनिसिलिनचा शोध लावला. आपल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स कारखान्यात १९५५ पासून त्याचे उत्पादन होऊ लागले. स्ट्रेप्टोकॉकसमुळे घसा सुजला असेल आणि नऊ दिवसांच्या आत डॉक्टरांच्या सल्ल्याने योग्य औषध सुरू केले, तर संधिवात ज्वर टळतो. ज्याला तो एकदा होऊन गेला आहे, त्याला दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे लांब पल्ल्याचे इंजेक्शन द्यावे लागते. हे निदान पाच वर्षे किंवा एकविसाव्या वर्षापर्यंत, यांपैकी जे उशिरा येईल तोपर्यंत चालते. झडप बिघडली असेल तर त्याहूनही जास्त काळ. झडप निकामी झाली तर कृत्रिम झडप बसवता येते. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत तयार झालेली भारतीय झडप १९९० साली प्रथम रुग्णाला बसवली गेली, ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु अशा झडपेनंतर रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात. त्यापेक्षा वेळेवर घेतलेले इंजेक्शन शतपटीने बरे!

पण दर तीन-चार आठवड्यांनी इंजेक्शन घ्यायचे तर मुलाने एका ठिकाणी राहिले पाहिजे, कुणीतरी त्याची नोंद ठेवली पाहिजे, आला नाही तर चौकशी केली पाहिजे. आज या फडावर तर उद्या त्या फडावर असणाऱ्या मुलाच्या बाबतीत हे कसे व्हावे? म्हणून मला वाटते की, मुलाला शाळेत आणणे हा या हृदयरोगावरील एक प्रतिबंधक उपायच आहे. पाश्चात्त्य देशांत पेनिसिलिन येण्याच्या आधीपासूनच हा रोग ओसरू लागला होता. राहणीमान सुधारले, घरातली दाटी कमी झाली, याचा तो परिणाम होता. औषध त्यानंतर आले.

कायदा काय सांगतो? १९८६ च्या बालमजुरीविषयक कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली आणि १४ वर्षांखालील मुलांना कोणत्याही नोकरीत ठेवणे गुन्हा ठरले. १४ ते १८ वयाच्या मुलांना धोक्याच्या कामांची बंदी झाली. ६ ते १४ वयाच्या मुलांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क १ एप्रिल २०१० पासून मिळाला आहे. तरीही शाळेच्या वेळेनंतर घरच्या धंद्यात मदत करण्याची सवलत कायद्यात राहिली, आणि ‘घरचे काम’ या नावाखाली पुष्कळ काही खपून जाते. जगात २०२४ साली सुमारे १३ कोटी ८० लाख मुले मजुरी करीत होती. नुसत्या बंदीने ती शाळेत येणार नाहीत. आईबापांना पुरेशी मजुरी, स्थलांतरित मुलांसाठी गावातच हंगामी वसतिगृहे, आणि आरोग्य तपासणीचे पथक फडावर व भट्टीवर जाईल अशी व्यवस्था, या तिन्ही गोष्टी एकदम हव्यात.

शिक्षकांना माझी विनंती आहे. वारंवार गैरहजर राहणाऱ्या मुलाच्या नावापुढे रेघ ओढण्यापूर्वी दोन प्रश्न विचारा : तो कुठे कामाला जातो का? आणि त्याचे सांधे कधी सुजले होते का?

मित्रहो, तुम्हीही काही करू शकता. सर्दी-खोकल्यासह दुखणारा घसा बहुधा विषाणूंमुळे दुखतो आणि त्याला पेनिसिलिन लागत नाही. म्हणून मनाने औषध घेऊ नका. पण खोकला नसता घसा अचानक दुखू लागला, ताप आला, गळ्याला गाठी आल्या तर डॉक्टरांना दाखवा आणि दिलेले औषध पूर्ण करा. तुमच्या वयाचे मूल कामावर राबताना दिसले तर १०९८ या क्रमांकावर कळवा. हा दूरध्वनी मोफत आहे. वर्गातला एखादा मित्र दिवाळीनंतर दिसेनासा झाला, तर गुरुजींना विचारा की तो कुठे गेला.

आता पुन्हा मूठ आवळून पाहा. विटा वाहणाऱ्या मुलाची मूठही एवढीच असते आणि हृदयही एवढेच. ते तपासायला दहा मिनिटे पुरतात. पण त्यासाठी आधी तो मुलगा तुमच्या शेजारी, बाकावर बसलेला हवा.