नवकल्पनेचे माप कोणते?

माप चुकले की निष्कर्ष चुकतो आणि निष्कर्ष चुकला की धोरण भरकटते. नीती आयोगाने २०१९ मध्ये राज्यांचा 'भारत नवोन्मेष निर्देशांक' प्रथम प्रसिद्ध केला. २०२१ च्या आवृत्तीत ६६ निकष होते आणि मोठ्या राज्यांत कर्नाटकाने सलग तिसऱ्यांदा पहिला क्रमांक मिळवला. हा उपक्रम स्वागतार्हच आहे. परंतु संशोधनावरील खर्च, पेटंटांची संख्या यांसारख्या निकषांवर वाहतूक क्षेत्रातील नवकल्पना जोखता येईल काय?

कोकण रेल्वेचीच दोन उदाहरणे घेऊ. तिने १९९९ मध्ये 'रो-रो' सेवा सुरू केली. भरलेले ट्रक चालकांसह सपाट वाघिणींवर चढवून रायगड जिल्ह्यातील कोलाडहून गोव्यातील वेर्ण्याला न्यायचे, एवढीच ही कल्पना. यंत्र नवे नव्हते. उपलब्ध साधनांची जोडणी नवी होती. डिझेल वाचले, चालकाला विसावा मिळाला, महामार्गावरील भार काहीसा हलका झाला.

दुसरे उदाहरण 'स्कायबस'चे. उंच खांबांवरील मार्गाखाली लटकत धावणाऱ्या डब्यांची ही राजाराम बोज्जी यांची महत्त्वाकांक्षी कल्पना. सप्टेंबर २००४ मध्ये मडगाव येथील चाचणीत अपघात होऊन एका अभियंत्याचा मृत्यू झाला. पुढे प्रकल्पच गुंडाळला गेला. प्रवाशांची नियमित वाहतूक कधी झालीच नाही.

केवळ खर्च आणि पेटंट मोजले, तर स्कायबस श्रेष्ठ ठरेल आणि रो-रोच्या नावापुढे शून्य पडेल! धाडसी प्रयोग करू नयेत, असा याचा अर्थ नव्हे. प्रयोगाची नोंद प्रयोग म्हणून व्हावी, फलित म्हणून नव्हे, इतकेच.

दुसरा प्रश्न श्रेयाचा. रो-रोचा ट्रक महाराष्ट्रात चढतो आणि गोव्यात उतरतो. मग हे यश कोणत्या राज्याच्या खात्यावर मांडायचे? टाटा मोटर्सचे नोंदणीकृत कार्यालय मुंबईत, तर संशोधन केंद्र पुण्यात. पेटंट अर्जावरील पत्ता पाहून जिल्ह्यांची तुलना केली, तर बुद्धी एकाची आणि गुण दुसऱ्याला, असे व्हायचे.

केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाचा 'लीड्स' अहवाल २०१८ पासून मालवाहतुकीच्या सुविधांविषयी प्रत्यक्ष वापरणाऱ्यांची मते विचारात घेतो. ही दिशा योग्य आहे. मात्र तो सुविधा मोजतो, नावीन्य नव्हे.

म्हणून राज्याबरोबरच जिल्हा आणि वाहतूक मार्ग हेही मोजणीचे एकक मानावे आणि तीन प्रश्न विचारावेत. नवी पद्धत किती जणांनी स्वीकारली? वेळ, इंधन आणि प्राण किती वाचले? पाच वर्षांनंतर ती चालू आहे काय? या प्रश्नांची उत्तरे बंदरावर, बसस्थानकावर आणि मालधक्क्यावर मिळतील. तेथवर न पोहोचणारी क्रमवारी राज्यांच्या जाहिरातींना उपयोगी पडेल, राष्ट्राच्या नियोजनाला नाही.